माझे छोटे चॅनेल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाचा वर्धापनदिन. दर वर्षी या दिवशी मी मागच्या रांगेत बसून इतरांची भाषणे ऐकते आणि शेवटी चहाची व्यवस्था पाहते. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. मी म्हटले, "बाई, मी सातवी पास. मला भाषण काय येणार?" त्या म्हणाल्या, "मोबाईलसमोर बोलता ना, तसेच आमच्यासमोर बोला." पण भगिनींनो, मोबाईल जांभई देत नाही आणि शेजारणीच्या कानात कुजबुजतही नाही! म्हणून काही चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

मी युट्यूबवर स्वयंपाकाचे एक लहानसे चॅनेल चालवते हे आपणापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे. ते कसे वाढले, हे सांगायला मला उभे केले आहे. वाढले म्हणजे फार नाही. आज माझ्या चॅनेलचे सहा हजार दोनशे सबस्क्राइबर आहेत. सबस्क्राइबर म्हणजे एक प्रकारचे वर्गणीदारच, पण वर्गणी न देणारे! ज्यांचे लाखांत आहेत त्यांच्यापुढे मी म्हणजे पळीभर पाणी. पण हे पळीभर पाणी भरतानाही कुठे सांडले, कुठे चटका बसला, हे सांगितले तर एखादीला उपयोग होईल.

सुरुवात झाली २०२१ च्या जानेवारीत. आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत ह्यांचे काम चार महिने बंद होते. घरात बसून आम्ही सगळी जण मोबाईल पाहत असू. त्यातच मला नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, सारोळा कासार गावच्या सुमन धामणे दिसल्या. 'आपली आजी' या नावाने त्या सर्वांना माहीत आहेत. शाळेत न गेलेली बाई. नातवाला पावभाजी हवी होती, तेव्हा त्याने दाखवलेला व्हिडिओ पाहून त्या म्हणाल्या की याहून चांगली मी करीन, आणि करूनही दाखवली. तिथून आजी आणि नातू या दोघांचे चॅनेल उभे राहिले. त्यांची कारल्याची भाजी तर लाखो लोकांनी पाहिली. मला वाटले, आजीला जमते तर मला का नाही?

माझा मुलगा म्हणाला, "आई, कर तू. मी धरतो मोबाईल." घरात नऊ हजारांचा एक मोबाईल होता, तोच कॅमेरा. पहिला व्हिडिओ पुरणपोळीचा, अकरा मिनिटांचा. तो सदतीस वेळा पाहिला गेला, आणि त्यातले निम्म्याहून अधिक पाहणे माझ्या माहेरच्यांचे! मी हिरमुसले. तेव्हा मुलाने सांगितले की युट्यूबवरचा सगळ्यांत पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढवला होता, तो अवघा एकोणीस सेकंदांचा आहे. त्यात एक तरुण प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून हत्तींच्या सोंडा लांब असतात एवढेच सांगतो. ते ऐकून माझी पुरणपोळी मला बरी वाटू लागली.

पहिल्या वर्षात मी बावीस व्हिडिओ केले. पनीरची भाजी, केक, पिझ्झा, जे इतर करत तेच. वर्षअखेरीस एकशे चाळीस सबस्क्राइबर झाले. आज मला त्याचे कारण कळते. पनीर शिकायचे तर लोक कामठीच्या बाईकडे का येतील? ज्या घरी रोज पनीर होते, तिथली बाई ते माझ्याहून चांगले शिकवते. शिवाय मी सुरुवातीला दोन मिनिटे नमस्कार-चमत्कारच करत असे. चॅनेलच्या मालकाला एक आलेख दिसतो, कोणत्या क्षणाला किती लोक उरले याचा. माझा आलेख बागेतल्या घसरगुंडीसारखा होता. अर्ध्या मिनिटातच बहुतेक मंडळी उठून गेलेली! आता मी पहिल्या दहा सेकंदांत तयार पदार्थ दाखवते, त्यात आज काय विशेष ते एका वाक्यात सांगते, आणि लगेच हात कामाला लावते.

पुढे मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. मोबाईल धरणारा गेला. चॅनेल बंद पडते की काय असे झाले. मग मीच शिकले. आधी मोबाईल स्टुलाला रबराने बांधायची, पुढे चारशे रुपयांची तिपाई घेतली. उजेडासाठी स्वयंपाकघरातली पूर्वेची खिडकी, सकाळी नऊ ते अकरा. त्या वेळी दिवा लागत नाही आणि पदार्थाचा रंगही खरा दिसतो. आवाजाचे मात्र हाल. आपल्या गावातून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग जातो आणि आमचे घर रुळांपासून दूर नाही. फोडणी तडतडायला लागली की नेमकी मालगाडी यायची. आता मला गाड्यांच्या वेळा स्टेशन मास्तरांइतक्या पाठ आहेत! चित्र थोडे अंधुक असले तर लोक चालवून घेतात, पण बोलणे ऐकू आले नाही तर थांबत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते. म्हणून पंखा बंद, कुकर खाली, आणि मोबाईल तोंडापासून हातभर अंतरावर.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगायला मला थोडा संकोच वाटतो, पण सांगणार आहे.

२०२२ च्या उन्हाळ्यात सासूबाई सरगुंडे करत होत्या. आपल्याकडे आमरसाबरोबर सरगुंडे असतात हे तुम्हाला सांगायला नको. भिजवलेल्या कणकेची बारीक दोरी करून ती काडीवर गुंडाळायची, अलगद काढून वाळवायची. सासूबाईंची बोटे इतकी सराईत की डोळे मिटूनही काडी भरतील. मी मोबाईल लावला आणि त्यांना विचारत गेले, त्या सांगत गेल्या. त्यांना वाटले मी नातवाशी बोलते आहे. मी तो व्हिडिओ चढवला. त्यांना विचारले नाही. घरच्या घरी काय विचारायचे, असे मला वाटले.

आठ दिवसांत तो व्हिडिओ अठरा हजार वेळा पाहिला गेला. एकशे चाळीसचे नऊशे सबस्क्राइबर झाले. पुण्याहून, दुबईहून, अमेरिकेहून आपल्या भागातल्या लोकांनी लिहिले की आजी आठवली, वीस वर्षांनी सरगुंडे पाहिले. मी हवेत होते. पण त्यातच काही जणांनी सासूबाईंच्या दात नसलेल्या तोंडाची थट्टा केली होती. एकाने तर किळस वाटते असे लिहिले होते. मी ते वाचून सोडून दिले होते. पण एका मुलीने सहज म्हणून ते सासूबाईंना वाचून दाखवले.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाल्या, "मले विचारलं असतं तर पदर तरी नीट घेतला असता वं." हे संतापले, "माझ्या आईला तू बाजारात बसवली!" भगिनींनो, माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आता हिशेब ऐका. तेव्हा चॅनेलवर जाहिरातींचे पैसे मिळायला एक हजार सबस्क्राइबर लागत, आणि मागच्या बारा महिन्यांत लोकांनी आपले व्हिडिओ एकूण चार हजार तास पाहिलेले असावे लागत. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटे. माझा व्हिडिओ माणूस सरासरी अडीच मिनिटे पाही. म्हणजे तो शहाण्णव हजार वेळा पाहिला जायला हवा. मोबाईलवर जे छोटे उभे व्हिडिओ सरकत येतात, त्यांचे तास यात धरत नाहीत. हजाराला शंभर कमी, आणि तासांची सगळी भिस्त त्या एका व्हिडिओवर. तो पुसला की त्याचे तासही जातात. रात्रभर विचार केला आणि सकाळी तो पुसून टाकला. पुसताना मोबाईल विचारतो, नक्की ना? हो म्हणताना माझे बोट थरथरले, हे खोटे कशाला सांगू?

त्यानंतर माझे मन खचले. आणि मी दुसरी चूक केली. एका माणसाचा फोन आला. दोन हजार रुपयांत पाच हजार सबस्क्राइबर देतो म्हणाला. मी भिशीच्या पैशांतून दोन हजार दिले. आठ दिवसांत बाराशे आले, महिन्याभरात तेही गळाले, आणि फोन लागेनासा झाला. असली माणसे आपले व्हिडिओ पाहत नाहीत, ती नुसती नावे असतात. शिवाय अशी विकत घेतलेली संख्या युट्यूबच्या नियमांत बसत नाही. ती काढून टाकतात, चॅनेलही बंद करू शकतात. ही गोष्ट मी तीन वर्षे घरात लपवली होती. आज सकाळी ह्यांना सांगितली आणि मगच इथे आले. हे काय म्हणाले ते मात्र भाषणात सांगत नाही!

पाचसहा महिने मी काही केले नाही. मग एक दिवस सासूबाईंनीच विचारले, "काऊन वं, ते दाखवनं बंद केलं का?" झाले होते असे की त्यांच्या माहेरकडची एक मुलगी भेटायला आली होती. तिला सरगुंडे करता येत नव्हते, आणि आईला येत होते तोवर ती शिकली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "माह्या मागं हे कोन करन? तू लाव तुहा मोबाईल. पन हात दाखव, तोंड नको. अन् आधी मले दाखवजो, मंगच लोकाले दाखव."

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही सरगुंड्यांचा व्हिडिओ पुन्हा केला. फक्त हात. बांगड्या, काडी आणि कणीक. सासूबाईंनी तो दोनदा पाहिला, एके ठिकाणी "हे चुकलं, पुन्हा कर" म्हणाल्या, मी पुन्हा केले. तो आठ दिवसांत अठरा हजारांवर गेला नाही. वर्ष लागले. पण तो गेला, आणि मला रात्री झोप लागली. वाईट शेरे आजही येतात. ते आता मी पुसते, आणि विशिष्ट शब्द असलेला शेरा आपल्या परवानगीशिवाय दिसू नये अशी सोयही तिथे आहे, ती लावून ठेवली आहे.

तेव्हापासून मी आपल्याकडचेच करते. वडाभात, पाटोडीचा रस्सा, रोडगे, मडक्यावरची लांब रोटी, लाखोळीची डाळ. यात एक गंमत सांगते. मी 'सांबारवडी' असे नाव देऊन व्हिडिओ चढवला तर कोणी फिरकेना. मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, इकडे सांबार म्हणजे इडलीबरोबरचे. कोथिंबिरीला सांबार फक्त आपण म्हणतो." मग मी नाव बदलले आणि 'सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची पुडाची वडी' असे लिहिले. तीच वडी, तोच व्हिडिओ, आणि लोक यायला लागले. आपले नाव सोडायचे नाही, पण पाहुण्याला कळेल असे दुसरे नाव बरोबर द्यायचे.

दुसरा धडा मापाचा. मी "अंदाजाने मीठ, बेताचे बेसन" असे म्हणत असे. लोक विचारत, किती वाट्या? कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये निघाले. त्यात त्यांनी वाटी-चमच्याचे माप दिले, म्हणूनच नव्या सुनांना ते पुस्तक गुरूसारखे झाले. माझ्या सासूबाईंच्या मुठीची मापे मी वाटीत मोजून काढली. त्यांची एक मूठ बेसन म्हणजे माझी पाऊण वाटी भरत नाही, हे कळायला मला तेवीस वर्षे आणि एक चॅनेल लागले!

तिसरा धडा नेमाचा. आठवड्याला एक, शुक्रवारी संध्याकाळी. ताप आला तरी एक तयार असावा म्हणून दोन पुढचे करून ठेवते. आणि जो प्रश्न विचारतो त्याला उत्तर देते. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत राहत असताना युट्यूबवर स्वयंपाक दाखवायला सुरुवात केली, आणि पुढे मराठीतून वेगळे चॅनेल काढले. आज मराठी घरांत त्यांचे नाव झाले आहे. त्यामागे वर्षे गेली आहेत, हे आपण विसरतो. २०१६ नंतर मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यांतूनही पाहणारे आले, हे खरे. पण दाखवणारेही तितकेच आले.

चौथा धडा कुलपाचा. 'आपली आजी'चे चॅनेल २०२० च्या ऑक्टोबरात चोरांनी पळवले होते. काही दिवसांनी ते परत मिळाले. म्हणून आपल्या खात्याला दुहेरी कुलूप लावावे. पासवर्ड टाकल्यावर आपल्या मोबाईलवर पुन्हा विचारणा होते, ती सोय. आणि जाहिरात देतो, सोबतचा कागद उघडा, असे अनोळखी पत्र आले तर उघडू नये.

२०२४ च्या फेब्रुवारीत एक हजार आणि चार हजार, दोन्ही पुरे झाले. पैशांचे ऐका, कारण हळूच सगळ्या जणी तेच विचारतात. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीचे जे येते त्यातले शेकडा पंचावन्न आपल्याला मिळतात. पण दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे की नाही हे पाहायला टपालाने एक आकड्यांचे पत्र येते. ते आकडे भरल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. मी पत्ता अर्धवट लिहिला होता, पहिले पत्र आलेच नाही. दुसऱ्यांदा 'पिंपळाच्या झाडाजवळ' असेही लिहिले, तेव्हा आले. आणि शंभर डॉलर जमल्याशिवाय बँकेत काही पडत नाही. मला ते जमायला दहा महिने लागले. डिसेंबरात आठ हजार चारशे रुपये आले. त्यातले दोन हजार मी भिशीत भरून टाकले, कारण ते तिथले होते. सासूबाईंना चष्मा केला. त्या म्हणाल्या, "आता वाचू दे लोक काय लिहून राहिले ते!" आज महिन्याकाठी सातशे-आठशे रुपये पडतात. यावर घर चालत नाही, हे स्पष्ट सांगते. पण गेल्या उन्हाळ्यात व्हिडिओ पाहून तेवीस किलो सरगुंड्यांची मागणी आली, आणि या मंडळातल्या चार भगिनींनी माझ्या गच्चीवर बसून ते केले. चॅनेलच्या पैशांपेक्षा ते पैसे जास्त होते, आणि चार घरांत गेले.

शेवटी माझी एक विनंती आहे. आपल्या मंडळाचे चॅनेल काढावे. इथे बसलेल्यांत कोणाला भुलाबाईची सगळी गाणी चालीसकट येतात, कोणाचे सांडगे वर्षभर टिकतात, कोणी जुन्या लुगड्याची गोधडी अशी शिवते की टाका दिसत नाही. हे कुठे लिहिलेले नाही. दर शनिवारी दुपारी दोन तास मी मंडळाच्या खोलीत मोबाईल आणि तिपाई घेऊन बसेन, जिला शिकायचे तिने यावे. पण माझ्या तीन अटी आहेत. पहिली, जिला दाखवायचे तिला आधी विचारायचे, आणि लोकांना दाखवण्याआधी तिला दाखवायचे. तिने नको म्हटले तर नको, मग तो कितीही चालणारा असो. दुसरी, पैसे मंडळाच्या बँकखात्यात पडतील आणि वहीत लिहिले जातील, आणि पासवर्ड दोघींजवळ राहील. तिसरी, संख्या विकत घ्यायची नाही. त्याचे दोन हजार मी मंडळाच्या वतीने आधीच भरले आहेत!

माझ्या सासूबाई आज एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि इथे पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. हे भाषण मी काल रात्री त्यांना वाचून दाखवले. त्यांच्याबद्दलचा मजकूर ठेवू का, असे विचारले. त्या म्हणाल्या, "ठेव. पन लांबवू नोको, चहा थंडा होते."

तेव्हा मी लांबवत नाही.